छोट्या रुळांची मोठी शिस्त

हुबेहूब छोट्या आगगाड्या घडविणे हा केवळ खेळ नव्हे. अमेरिकेत १९३०च्या दशकात एका उत्पादकाचे डबे दुसऱ्याच्या रुळांवर धावत नसत. म्हणून १९३५ मध्ये मिलवॉकी येथे 'नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन' स्थापन झाली व तिने समान मानके ठरविली. 'एचओ' प्रमाणात (१:८७) रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. चाकांचे माप किंचित चुकले, तरी सांध्यावर गाडी घसरते. स्थानिक क्लबांच्या मेळाव्यांतील 'क्लिनिक' याचसाठी असते. तेथे जाणकार सभासद रूळ अंथरणे, तारा जोडणे, देखावे उभारणे प्रात्यक्षिकासह शिकवितात. पुस्तकात न सापडणारे हातकसब असेच पुढील पिढीकडे जाते. पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये खुले झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातील आहे.