सलाफहादाच्या पाच लेकी
बायबलमधील कूळ, वतन आणि नाव

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खनन-पथकाला पॅलेस्टाइनमधल्या सबस्तिया गावालगतच्या टेकडीवर शाईने लिहिलेली खापरे सापडली. जॉर्ज राइझनर या पथकाचे प्रमुख होते. प्रदेश तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होता आणि टेकडी होती प्राचीन शोमरोनची, म्हणजे इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याच्या राजधानीची. खापरे सुमारे शंभर होती; त्यांपैकी साठाहून अधिक वाचता आली. मजकूर अगदी रुक्ष. राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, माल कुठून आला, कोणाच्या नावे आला, आणि माल म्हणजे जुना द्राक्षारस किंवा उत्तम तेल. कोठाराच्या कारकुनाने ठेवलेल्या या नोंदी बहुतेक अभ्यासक इ. स. पू. आठव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, दुसऱ्या यराबामाच्या काळातल्या मानतात.

माल जिथून आला, त्या मुलखांची सात नावे खापरांवर येतात : अबियेजर, हेलेक, अस्रिएल, शेखेम, शमीदा, नोआ आणि होग्ला. बायबल वाचणाऱ्याला ही सातही नावे ओळखीची आहेत. पहिली पाच मनश्शेच्या वंशातल्या पुरुषांची. शेवटची दोन बायकांची आहेत. नोआ आणि होग्ला या सलाफहादाच्या पाच मुलींपैकी दोघी. आज भाऊबंदकी आणि वारसाहक्क म्हणतो त्या विषयाच्या मुळाशी ज्या पाच बहिणी उभ्या आहेत, त्यांच्यापैकी दोघींची नावे सरकारी हिशेबात मुलखाची नावे म्हणून सापडावीत, ही साधी गोष्ट नाही. बायबलमधली नाती समजून घ्यायची तर या पाच बहिणींपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

बापाचे नाव का पुसले जावे?

ही कथा ‘गणना’ या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात येते. मिसरातून निघालेले इस्राएल लोक यार्देन नदीच्या पूर्वतीरावर येऊन थांबले आहेत. नदीपलीकडची जमीन अजून हाती आलेली नाही; पण ती वाटायची कशी, यासाठी शिरगणती झाली आहे. गणतीत पुरुष मोजले गेले. त्या यादीत सलाफहादाच्या नावापुढे मुलगा नाही. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली आहेत.

या पाचजणी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आमचा बाप रानात वारला. कोरहाने बंड केले त्यात तो नव्हता. त्याला मुलगा नाही, एवढ्याच कारणाने त्याचे नाव कुळातून का पुसले जावे? चुलत्यांबरोबर आम्हालाही वाटा द्या.

या मागणीची चतुराई पाहण्यासारखी आहे. त्या स्वतःच्या नावाने काही मागत नाहीत. मागतात ते बापाच्या नावासाठी. मोशेला उत्तर सुचत नाही. तो प्रकरण परमेश्वरापुढे ठेवतो आणि निकाल मुलींच्या बाजूने लागतो. मग त्यातून एक सर्वसाधारण कायदा तयार होतो. आधी मुलगा, तो नसेल तर मुलगी, ती नसेल तर भाऊ, मग बापाचे भाऊ, आणि तेही नसतील तर कुळातला सर्वांत जवळचा नातलग. मराठी बायबलमध्ये या मालमत्तेला ‘वतन’ म्हटले आहे आणि तो शब्द नेमका बसतो. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी, विकून मोकळे होता न येणारी, माणसाला गावात स्थान देणारी ती जमीन आहे.

या क्रमात कोण नाही, तेही पाहिले पाहिजे. विधवा नाही. आई नाही. मामा आणि त्याची माणसे नाहीत. मुलगी आली आहे, पण ती बापाची मुलगी म्हणून. वतनाची वाट पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. मधे खंड पडला तर तो सांधायला मुलगी.

घर, कूळ, वंश

हे कूळ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर ‘यहोशवा’च्या सातव्या अध्यायात अनपेक्षितपणे मिळते. यरीहोच्या लुटीतला माल कोणीतरी चोरला आहे आणि चोर शोधायचा आहे. आधी वंश निवडला जातो : यहूदा. मग त्यातले कूळ : जेरह. मग घर : जब्दी. मग त्या घरातला एकेक पुरुष पुढे आणला जातो आणि आखान सापडतो. आखान हा कर्मीचा मुलगा आणि जब्दीचा नातू. म्हणजे ‘घर’ आजोबाच्या नावाने ओळखले जात होते, आणि आखानला स्वतःला मुलेबाळे होती. चार पिढ्यांना पुरणारे हे घर हिब्रूत ‘बेत आव’, म्हणजे शब्दशः ‘बापाचे घर’. अशा अनेक घरांचे मिळून ‘मिश्पाहा’ हे कूळ, आणि कुळांचा मिळून वंश.

उत्खननाने याला पुष्टी दिली आहे. लॉरेन्स स्टेगर यांनी १९८५ साली प्राचीन इस्राएलमधल्या कुटुंबाच्या पुरातत्त्वावर जो निबंध लिहिला, तो या विषयात आजही आधाराला घेतला जातो. डोंगराळ भागातल्या खेड्यांत खांबांची छोटी घरे सुटी नसून दोन-तीनच्या गटाने एका सामाईक अंगणाभोवती आढळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. एकेक घर जेमतेम एका जोडप्याला आणि मुलांना पुरेल एवढे. अंगण मात्र सगळ्यांचे. चुली वेगळ्या आणि वाडा एक, हे चित्र मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा व्यवस्थेत नाते ही भावनेची गोष्ट असण्याआधी जबाबदारीची गोष्ट असते. गरिबीने भाऊबंदाला जमीन विकावी लागली, तर जवळच्या आप्ताने ती सोडवून घ्यायची. तो स्वतःच कर्जापायी परक्याकडे गुलाम झाला, तर त्याला भावाने, चुलत्याने, चुलतभावाने किंवा दुसऱ्या जवळच्या आप्ताने सोडवायचे, असे ‘लेवीय’ पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सांगितले आहे. अशा आप्ताला ‘गोएल’ म्हणत. खुनाचा बदला घेणाराही गोएलच. बाबिलोनच्या फौजेने यरुशलेमला वेढा घातलेला असताना यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथ गावातले चुलतभावाचे शेत १७ शेकेल चांदी मोजून घेतले, ते याच हक्काने आणि याच कर्तव्याने. या नात्याची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. आखानच्या चोरीची शिक्षा त्याच्या मुलामुलींनीही भोगली.

वाटा मिळाला, पण

सलाफहादाच्या मुलींची गोष्ट २७ व्या अध्यायात संपत नाही. ‘गणना’च्या शेवटच्या, ३६ व्या अध्यायात त्याच कुळातले वडीलधारे पुरुष मोशेकडे येतात. त्यांची हरकत सरळ आहे : या मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या, तर जमीनही त्यांच्याबरोबर जाईल आणि आमच्या वंशाचे वतन घटेल. मोशे हरकत मान्य करतो. मुलींनी आवडेल त्याच्याशी लग्न करावे, पण आपल्या बापाच्या वंशातल्या कुळातच. पाचही जणी चुलत्यांच्या मुलांशी लग्न करतात आणि पुस्तक तिथेच संपते. आधीच्या प्रसंगात ठामपणे बोललेल्या बहिणी या अध्यायात एक शब्दही बोलत नाहीत.

मराठी हिंदू वाचक इथे अडखळतो. चुलतभाऊ म्हणजे भाऊच. त्याच्याशी लग्न कसे? याकोबाने लाबानमामाच्या दोन्ही मुलींशी, लेआ आणि राहेल यांच्याशी लग्न केले, हे मात्र त्याला तितके परके वाटत नाही, कारण मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची विभागवार मांडणी करताना या आतेमामे विवाहाचा सविस्तर विचार केला आहे. आपल्याकडे मुलगी कुळाबाहेर जाते, म्हणून जमीन तिच्या हाती न देण्याकडे कल राहिला. गणनेच्या शेवटच्या अध्यायाने उलटी वाट धरली : जमीन मुलीला दिली आणि मग मुलीलाच कुळाबाहेर जाऊ दिले नाही. दोन्हीकडे काळजी एकच होती.

यानंतरही वाटा आपोआप पदरात पडला नाही. ‘यहोशवा’च्या १७ व्या अध्यायात, मोशे वारल्यावर, या बहिणी पुन्हा उभ्या राहून दिलेल्या शब्दाची आठवण करून देतात. तेव्हा कुठे मनश्शेच्या वंशाला पश्चिमेकडे दहा वाटे पडतात : पाच पुरुषांच्या कुळांचे पाच, आणि सहाव्या हेफेराच्या जागी त्याच्या पाच नातींचे पाच.

वंशावळ की नकाशा?

आता पुन्हा खापरांकडे येऊ. दहा वाट्यांपैकी पुरुषांची पाचही नावे खापरांवर आहेत. मुलींपैकी नोआ आणि होग्ला आहेत. तिरसा हे तर एका नामांकित शहराचे नाव. शोमरोन वसण्यापूर्वी उत्तरेकडील राज्याची राजधानी तिथे होती. नाब्लुसजवळच्या तेल एल-फारा या टेकाडाशी तिची ओळख पटवली जाते आणि रोलाँ द व्हो यांनी १९४६ पासून तिथे उत्खनन केले. महला आणि मिल्का यांचा मात्र खापरांवर मागमूस नाही.

मग आधी काय होते? बहिणी की मुलूख? अनेक अभ्यासकांचे उत्तर असे, की मुलूख आधी. शेजारच्या वस्त्यांचे एकमेकींशी असलेले संबंध नात्याच्या भाषेत सांगितले गेले आणि वंशावळ तयार झाली. याला आधार बायबलमध्येच आहे. ‘गणना’त शेखेम आणि शमीदा हे गिलादाचे पुत्र आहेत, ‘यहोशवा’त त्यांना मनश्शेचे पुत्र म्हटले आहे, ‘पहिला इतिहास’मध्ये शेखेम हा शमीदाचा मुलगा होतो. रक्ताचे नाते असे बदलत नाही. गावांचे तोलमोल बदलते. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी आडनावे गावांवरून घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. माणूस गावाचे नाव घेतो आणि पुढे गावाची ओळख माणसाच्या नात्यांतून सांगितली जाते.

तरीही एक प्रश्न उरतो. वस्त्यांना नात्यात बसवायचे होते, तर दहाही जणांना भाऊ करणे सोपे होते. पाच वस्त्या बहिणी म्हणून का सांगितल्या गेल्या? त्यांची नावे स्त्रीलिंगी वाटत असतील, किंवा त्यांचा दर्जा थोडा दुय्यम मानला जात असेल. पण त्यांना वाट्याच्या हक्कदार म्हणून सामावून घेण्यासाठी कायदा सांगावा लागला, एवढे निश्चित. मुलगी वारस होऊ शकते, ही कल्पना ऐकणाऱ्यांना अशक्य वाटत असती, तर ही कथा उभीच राहिली नसती.

प्रत्यक्ष व्यवहारही कायद्याहून सैल होता. ‘पहिला इतिहास’च्या दुसऱ्या अध्यायातल्या शेशानाला मुलगे नव्हते, त्याने मुलगी आपल्या यरहा नावाच्या मिसरी गुलामाला दिली आणि वंशावळ त्या गुलामाच्या मुलांतून पुढे चालू ठेवली. ‘एज्रा’च्या दुसऱ्या अध्यायात एका याजकाने गिलादातल्या बर्जिल्लयाची मुलगी केली आणि सासऱ्याच्याच घराण्याचे नाव घेतले. घरजावईच तो. बाबिलोनहून परतल्यावर मात्र त्याच्या वंशजांना वंशावळीच्या नोंदीत आपले नाव सापडेना, आणि त्यांना याजकपदावरून दूर करण्यात आले. जमीन सुटली होती, तेव्हा कूळ सिद्ध करायला कागदच उरला होता.

नाव कोणाचे राहिले?

नावाची सगळ्यांत प्रसिद्ध कथा रूथची. परदेशी विधवा रूथ सासू नामीबरोबर बेथलेहेमला येते. बवाज हा आप्त तिच्याशी लग्न करून शेत सोडवू पाहतो. पण त्याच्याहून जवळचा एक गोएल आहे. त्याला शेत हवे असते. त्याबरोबर रूथ येते आणि मृताचे नाव चालवावे लागते, हे कळताच आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून तो मागे सरतो. कथाकार त्याचे नाव सांगत नाही. हिब्रूत त्याला ‘पलोनी’ म्हटले आहे. अरबीतले ‘फुलान’ हे त्याचेच भावंड, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘फलाणा’ त्याच घराण्यातला. दुसऱ्याचे नाव राखायला नकार देणारा स्वतः फलाणा होऊन राहिला.

पण बवाजाने तरी महलोनाचे नाव राखले का? वेशीवर दहा वडिलांसमोर त्याने तसे जाहीर केले. मूल झाले तेव्हा शेजारणी म्हणाल्या की नामीला मुलगा झाला. पुस्तकाच्या शेवटी दाविदापर्यंतची वंशावळ येते, तेव्हा ओबेद हा बवाजाचा मुलगा असतो. महलोन तिथे नाही. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, त्याचेच नाव गळाले. आणि पुस्तक ओळखले जाते ते मवाबी सुनेच्या नावाने.

सलाफहादाचेही असेच झाले. बापाचे नाव पुसले जाऊ नये म्हणून मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या. शोमरोनच्या खापरांवर सलाफहाद कुठेही नाही. त्याचा बाप हेफेरही नाही. कोठारातल्या कारकुनाला द्राक्षारसाचे बुधले मोजायचे होते. नोआ कोणाची लेक, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने फक्त माल आला तो मुलूख लिहिला : होग्ला. नोआ.