दाक्षिण्य कोणाचे?

मराठीत ‘दाक्षिण्य’ हा शब्द आता एकटा क्वचितच भेटतो. ‘स्त्री’ला पुढे घालूनच तो येतो. बाईसाठी दार धरले, खुर्ची सोडली, की ते स्त्रीदाक्षिण्य. तेच म्हाताऱ्या गड्यासाठी किंवा हाताखालच्या माणसासाठी केले, तर हा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही. पुरुषाने स्त्रीशी दाखवायची अदब, हा अर्थ इतका रुळला आहे की तोच मूळचा वाटावा. जुने वाङ्मय मात्र निराळे सांगते.

‘दक्षिण’ म्हणजे उजवा. पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला येते ती दक्षिण दिशा. आपला दख्खनही त्याच घरातला. त्यावरून दक्षिण माणूस म्हणजे सरळ, तत्पर, दुसऱ्याला अनुकूल असणारा. ‘रघुवंशा’त दिलीपाच्या राणीचे नाव सुदक्षिणा आहे आणि ते तिच्या दाक्षिण्यावरून रूढ झाले, असे कालिदासाने स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे इथे हा गुण बाईचा आहे. जैन ग्रंथांत तर त्याला चक्क धर्माचरणाचे स्थान मिळाले. आठव्या शतकातल्या हरिभद्राने धर्म अंगी बाणल्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत औदार्याच्या जोडीला दाक्षिण्य आहे. शके 700 संपायला एक दिवस उरला असताना, म्हणजे 779 साली, जालोरला ‘कुवलयमाला’ पूर्ण करणारे उद्द्योतनसूरी ‘दाक्षिण्यचिन्ह’ हे बिरूद मिरवत. मराठे व्यापारी आणि त्यांची बोली यांचे वर्णन त्यांच्याच ग्रंथात येते, म्हणून आपल्याकडे त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या बिरुदाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. घरदार सोडलेल्या मुनीने मिरवलेला हा शब्द केवळ स्त्रियांशी वागण्यापुरता असणे शक्यच नाही. श्रावकाच्या 21 गुणांतही ‘सुदाक्षिण्य’ येते, आणि त्याचा अर्थ आपले काम बाजूला ठेवून दुसऱ्याच्या उपयोगी पडणे असा सांगितला आहे. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त नाटकाची लक्षणे देताना दाक्षिण्याची व्याख्या केली, तीही वागण्याबोलण्यातून दुसऱ्याचे मन राखणे, एवढीच. स्त्री-पुरुष हा भेद तिच्यात कुठेच नाही.

मग हा गुण बाईभोवती येऊन थांबला कसा? त्याची वाट राजांच्या अंतःपुरातून जाते. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाचे प्रकार सांगितले. त्यातला ‘दक्षिण’ नायक म्हणजे दुसरीवर मन जडले तरी पहिलीशी सहृदयतेने वागणारा. कालिदासाच्या नाटकांत हा नायक आधीच वावरत होता. विदर्भकन्या मालविकेवर भाळलेला अग्निमित्र तिलाच सांगतो की दाक्षिण्य हे आमचे कुलव्रत आहे. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर झुरणारा दुष्यंत राण्यांशी दाक्षिण्याने उचित तेच बोलतो, पण नाव घेताना चुकतो आणि मग बराच वेळ ओशाळून राहतो. दाक्षिण्याची मर्यादा एवढ्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी दाखवल्याचे मला आठवत नाही. जीभ वश करता येते, मन येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हे ढोंगच झाले. ज्यांच्या वाट्याला हे वागणे आले, त्यांनाही ही शंका होतीच. हालाच्या ‘गाथासप्तशती’तली, महाराष्ट्री प्राकृतात बोलणारी एक नायिका प्रियकराला म्हणते की केवळ दाक्षिण्यापोटी आलास तरी मला सुख होते, मग जिच्याकडे तू निष्कपट मनाने जातोस तिच्या सुखाला काय पार असेल! तिची फसगत झालेली नाही. तिला सगळे कळते, तरी ती त्या येण्याची किंमत शून्य धरत नाही. मला तिचेच म्हणणे पटते. माया असताना चांगले वागायला कोणालाच कष्ट पडत नाहीत. ती आटल्यावरही समोरच्याचा मान राखणे अवघड असते. अर्थात त्या राण्यांना दाक्षिण्यापलीकडे मागण्यासारखे काही उरलेच नव्हते, हेही खरे. हक्क नसलेल्याला मिळते ते दाक्षिण्य, हा अंतःपुराचा वारसा आजच्या ‘स्त्रीदाक्षिण्या’ला चिकटलेला आहे, आणि माझा आक्षेप आहे तो त्याला.

शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, जुन्या पोथ्या काढून तो मागे नेता येत नाही, हा दुसरा आक्षेप रास्त आहे. पण आज वापराखालची जमीनच बदलली आहे. एसटीत ‘स्त्रियांसाठी राखीव’ असे लिहिलेल्या आसनावरून पुरुष उठला तर तो नियम पाळतो. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, त्या कायद्याने. या गोष्टींना दाक्षिण्य म्हणणे म्हणजे हक्काला मेहेरबानीचे नाव देणे. हक्क तिथे हक्कच म्हणावा. दाक्षिण्य उरते ते नियम संपतो तिथे: राखीव नसलेल्या आसनावरून कोणीही कोणासाठीही उठण्यात, मतभेद झालेल्या सहकाऱ्याशी नीट बोलण्यात, हातातले काम ठेवून अनोळखी माणसाला त्याचा अर्ज भरून देण्यात. लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांनी ‘स्त्री’ हे उपपद गाळून हा शब्द पुन्हा वापरायला घ्यावा.