व्यावसायिकाकडे मुलाखतीसाठी वेळ कसा मागावा?

बारावीचे निकाल लागले की अभ्यासिकेतल्या मुलामुलींचे प्रश्न सुरू होतात. फिजिओथेरपी घेऊ का? वकिलीत पैसा मिळतो का? सीएची आर्टिकलशिप म्हणजे नेमके काय? आम्ही त्यांना उलट विचारतो, हे काम करणाऱ्या एखाद्या माणसाला भेटलात का? बहुतेकांचे उत्तर 'नाही' असते. ज्यांचे काका डॉक्टर आणि मावशी वकील असते, त्यांना ही माहिती जेवताना मिळून जाते. आपल्याकडे अनेक घरांत तो विद्यार्थीच पहिला पदवीधर होणार असतो. त्याला अनोळखी माणसाकडेच जावे लागते.

आमच्या परिचयातील एका मुलीने खासगी संस्थेतून प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम पूर्ण केला. आईने भिशीचे पैसे घालून शुल्क भरले होते. नोकरीच्या अर्जाच्या वेळी कळले की त्या प्रमाणपत्राला मान्यताच नाही. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर सरकारी रुग्णालय आहे. तिथल्या तंत्रज्ञाने एका वाक्यात सांगितले असते की आधी मान्यता तपासा. "पण त्यांना कसं विचारायचं, ते मोठे लोक," असे ती म्हणाली. हे विचारायचे कसे, तेवढेच इथे सांगतो आहोत.

आधी माणूस शोधा

नावाजलेल्या माणसाच्या मागे लागू नका. तीस वर्षे मुरलेल्या ज्येष्ठ वकिलापेक्षा चार-पाच वर्षांपूर्वी सनद घेतलेला वकील तुमच्या जास्त उपयोगाचा. सुरुवातीची ओढाताण त्याला अजून आठवत असते आणि आजचे प्रवेशाचे नियमही माहीत असतात. असा माणूस सापडतो कुठे? कॉलेजचे ग्रंथपाल, वसतिगृहाचे गृहपाल, तालुका कोर्टातील वकील संघाची खोली, नेहमीचा औषध दुकानदार, विहारात रविवारी येणारे निवृत्त कर्मचारी, यांपैकी कुणीतरी कुणाला तरी ओळखतेच. लिंक्डइनवरही शोधता येते, मात्र तालुक्याच्या गावी या पाच जागा जास्त कामाच्या, असा आमचा अनुभव आहे.

कुणाच्या ओळखीने जाण्यात कमीपणा नाही. १९१६ साली बाबासाहेब कोलंबियाहून लंडनला गेले, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांच्या नावे त्यांची ओळख करून देणारे पत्र लिहिले होते. मात्र ज्याचे नाव सांगणार त्याला आधी विचारा. न विचारता नाव सांगितले तर दोघांचाही विश्वास जातो.

निरोप कसा लिहावा

"सर मला तुमचे मार्गदर्शन पाहिजे, प्लीज कॉल करा." असा निरोप आम्हालाही येतो. खरे सांगायचे तर त्याला उत्तर देणे राहून जाते. मुलगा कोण, त्याला काय हवे, किती वेळ लागेल, काहीच कळत नाही. त्यात फोन करण्याचे कामही समोरच्यावरच टाकलेले. कामात असलेला माणूस 'नंतर बघू' म्हणतो आणि तो निरोप खाली खाली जात राहतो.

त्याऐवजी असे लिहिता येईल:

"नमस्कार मॅडम. मी (पूर्ण नाव), (कॉलेजचे नाव) येथे बारावी कला शाखेत आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला जावे का, याचा विचार करते आहे. आमच्या घरात या क्षेत्रात कुणी नाही. आपला क्रमांक आमच्या ग्रंथपाल मॅडमनी आपल्याला विचारून दिला. तालुका कोर्टात नव्या वकिलाची पहिली दोन-तीन वर्षे कशी जातात, याबद्दल मला पाच प्रश्न विचारायचे आहेत. वीस मिनिटे पुरतील. या शनिवारी किंवा पुढच्या आठवड्यात कोर्ट सुटल्यावर मी येऊ शकते. फोनवर बोलणे सोयीचे असेल तर तेही चालेल. ही माहिती फक्त माझ्यासाठी आहे, कुठेही छापणार नाही. जमणार नसेल तर तसे कळवले तरी चालेल."

एवढे पुरे. आपली गरिबी, घरच्या अडचणी, 'आपणच माझे आशास्थान' असली वाक्ये त्यात नकोत. तुम्ही मदत मागत नाही, माहिती विचारत आहात. "कुठेही छापणार नाही" हे वाक्य मात्र वगळू नका. वकिलांना स्वतःची जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे मुलाखत म्हटले की काही जण बिचकतात. सरकारी कर्मचाऱ्यांवरही माध्यमांशी बोलण्याबाबत वर्तणूक नियमांची बंधने असतात. कॉलेजच्या प्रकल्पासाठी किंवा नियतकालिकासाठी मुलाखत हवी असेल तर ते लपवू नका. पहिल्याच निरोपात सांगा, सोबत शिक्षकांचे नाव द्या आणि लिहिलेला मजकूर आधी दाखवू असेही कळवा.

मुले आणखी एक विचारतात, सुरुवात 'जयभीम'ने करावी की 'नमस्कार'ने? समोरची व्यक्ती चळवळीतली किंवा विहारातून ओळख झालेली असेल तर 'जयभीम' लिहावे, त्यात आपलेपणा आहे. अनोळखी ठिकाणी 'नमस्कार' पुरेसा. आडनाव गाळून नुसते पहिले नाव लिहिण्याची सवय काही मुलांना लागली आहे. तिचे कारण आम्हाला कळते आणि त्याबद्दल आम्ही कुणाला दोष देत नाही. तरीही आमचे मत पूर्ण नाव लिहावे असेच आहे. आडनाव वाचून जो माणूस उत्तर देत नाही, त्याच्याकडे वीस मिनिटे बसून तुम्हाला फारसे काही मिळणार नव्हते.

वेळ बघून विचारा

सीएंना जुलैच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये आणि मार्चअखेरीस विचारू नका. विवरणपत्रे, कर लेखापरीक्षण आणि वर्षअखेर यांत ते बुडालेले असतात. वकिलांना सकाळी कोर्ट सुरू होण्याच्या सुमारास फोन करू नये. मे महिन्यातील सुट्टीत ते जास्त मोकळे असतात. परिचारिकांची पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या पाळीकडे सोपवली जाते, तो अर्धा तास सोडा. डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णांच्या रांगेत बसून मुलाखत मागणे बरोबर नाही. आधी निरोप पाठवा.

उत्तर आले नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा. दुसऱ्यांदाही आले नाही तर दुसरा माणूस शोधा. पाच जणांना विचारले आणि एकाने होकार दिला तरी काम झाले. उत्तर न येण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: परीक्षा, आजारपण, घरचे लग्न. त्यातून लगेच अपमानाचा अर्थ काढू नका.

भेट कार्यालयात, ग्रंथालयात किंवा कॉलेजात ठरवा, कुणाच्या घरी नको. सोबत मैत्रीण किंवा मित्र न्यायला हरकत नाही, फक्त आधी सांगा. अठरा वर्षांखालील मुलांनी कुठे आणि कुणाला भेटायला जात आहोत हे घरी सांगूनच जावे.

विचारायचे काय

"तुमच्या यशाचे रहस्य काय?" या प्रश्नाला सगळीकडे मेहनत आणि जिद्द हेच उत्तर मिळते. त्याऐवजी कालचा दिवस सकाळपासून कसा गेला ते विचारा. पहिल्या वर्षी नव्या माणसाला हातात साधारण किती मिळते? ('तुम्हाला किती पगार आहे' असे विचारू नये.) शुल्काशिवाय कोणते खर्च येतात, जे माहितीपत्रकात नसतात? कोणत्या संस्थेच्या किंवा परिषदेच्या नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही? हा प्रश्न त्या मुलीला आधी सुचला असता तर तिची दोन वर्षे वाचली असती. शेवटी विचारा, "आणखी कुणाशी बोलू?" पुढची ओळख त्यातूनच होते.

इंटरनेटवर पाच मिनिटांत मिळणारी माहिती विचारण्यात त्यांची वीस मिनिटे घालवू नका. सीएची आर्टिकलशिप नव्या योजनेत दोन वर्षांची आहे, हे वाचून जा. ती करताना दिवस कसे जातात, ते तिथे विचारा. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी घ्या, नाहीतर वहीत टिपा. नोकरी किंवा शिफारस या भेटीत मागू नका. वीस मिनिटे झाली की तुम्हीच घड्याळ बघून उठायला लागा. ते थांबवत असतील तर बसा.

त्याच दिवशी संध्याकाळी दोन ओळींचा आभाराचा निरोप पाठवा आणि त्यांनी सांगितलेली कोणती गोष्ट उपयोगी पडली ते लिहा. प्रवेश झाला किंवा विचार बदलला, तर सहा महिन्यांनी तेही कळवा. आणि त्यांचा क्रमांक वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. एका डॉक्टर मॅडमना त्यामुळे एका रात्रीत चाळीस मुलांचे निरोप आले. तेव्हापासून त्या कुठल्याच विद्यार्थ्याला वेळ देत नाहीत.