बोदावर बसा, खामगाव गाठायचंय

सरका आत. रुईच्या या बोदाच्या कडेला बसलात तर पहिल्याच चाकोरीत खाली याल, आणि मागून अजून अकरा बंड्या येताहेत. फोन चाचपू नका. कनवटीला फक्त सुपारीचं खांड आहे. अंगात बंडी, बुडाखालीही बंडी. वऱ्हाडात कपड्याला आणि गाडीला एकच शब्द चालतो, त्याला तुमचा इलाज नाही.

साल 1870. मार्गशीर्षातली पहाट, चिखलीची वेस. रेणुकामातेला हात जोडून झाले आहेत. बैलांच्या नाकातून वाफ निघते आहे, चाकाला घातलेलं एरंडीचं तेल नाकात बसलं आहे. मागच्या अंगणातून अजून करकर ऐकू येते ना? ती रेच्याची. जरा मान वळवून बघाच, कारण हे दृश्य पुढं दिसणार नाही. दोन लाट्या, एक लाकडाची, एक लोखंडाची, एकमेकींवर उलट्या फिरणाऱ्या. दोन बाया समोरासमोर बसल्यात. एकीनं कापूस तोंडाशी धरला की पलीकडं रुई ढगासारखी बाहेर येते आणि अलीकडं सरकी टपटप खाली पडते. त्या सरकीचा एक वाटा म्हशीला, एक वाटा पुढच्या पेरणीला. बायांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. अर्धं गाव हिवाळाभर याच कामावर जगतं. तुम्ही बसलाय ती रुई अशाच अंगणांतून गोळा झाली आहे.

"पाव्हणे, काहून हालता? रुई दबते," गाडीवान ओरडतो. हलू नका.

अमडापूर येईपर्यंत ऊन चढतं आणि थंडी कुठं गेली कळत नाही. काळ्या मातीचा फुफाटा दातांत करकरतो. रस्ताभर बंड्याच बंड्या, घुंगुरमाळा, शिव्या, आणि घाटउतारावर चाकाखाली दगड टाकत धावणारी पोरं. एखाद्या चाकाची लोखंडी धाव निखळली की सगळी रांग थांबते आणि प्रत्येक जण लोहार होतो.

संध्याकाळी मुक्काम. भाकरी, ठेचा, गोवऱ्यांचा धूर. गप्पा अर्थातच भावावर. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडकला होता, तेव्हा आपल्या रुईला सोन्याचा भाव आला होता. नागपूरकडं लोकांनी चाकांना चांदीच्या धावा बसवल्या म्हणे. ही नुसती थाप नाही. रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज कापूस कमिशनरनंही तसं लिहून ठेवलं आहे. मग लढाई संपली, भाव कोसळला. चांदीच्या धावांचं काय झालं ते सावकाराला विचारा.

जाळाच्या पलीकडं मेहकरचा एक कोष्टी बसला आहे. मेहकरची धोतरं म्हणजे मुलखात नाव. तो हातातलं गाठोडं सोडत नाही आणि बराच वेळ बोलतही नाही. मग एकदम म्हणतो, "इथची रुई बोटीनं जाते, बोटीनंच कापड होऊन येते. जायचं भाडं, यायचं भाडं. तरी मह्या मागापरीस स्वस्त! असं कसं जमते बाप्पा?"

कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला येतं, वाफ, चात्या, मँचेस्टर वगैरे, पण गप्प बसा. त्याच्या अंगावर पाहा: सदरा मांजरपाटाचा आहे. त्यालाही तोच परवडतो.

दुसरा विचारतो, वऱ्हाड निजामाचं म्हणायचं, वसूल साहेब घेतो, मग राजा कोण? "ज्याचा काटा त्याचं राज्य," गाडीवान म्हणतो आणि कांबळं ओढून झोपतो. याच वर्षी तिकडं पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आहे. तिचे गणेश वासुदेव जोशी सात वर्षांनी, 1877 मध्ये, दिल्ली दरबारात खादी घालून जातील. कोष्ट्याला ते कधी कळेल असं वाटत नाही.

खामगाव आधी कानाला लागतं, मग डोळ्याला. बंड्या, दलाल, मापारी, रुईचे तंतू हवेत इतके की खोकल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. दलाल तुमचा हात रुमालाखाली ओढतो. भाव तोंडानं नाही, बोटांनी ठरतो. दोन बोटं दाबली, मग एक सोडलं. का सोडलं? लिव्हरपूलहून तार आली. समुद्रापलीकडचा भाव आता मुंबईमार्गे इथवर यायला फार वेळ लागत नाही. तिकडं आपल्या रुईला ‘ऊमरा’ म्हणतात, उमरावतीचं, म्हणजे अमरावतीचं, मोडकं नाव. चिखलीचा पत्ता त्यात कुठंच नाही.

आणि ही रुई दाबायची नवी प्रेस. लाटसाहेब मेयो यंदाच येऊन रेल्वेची फाट आणि हा बाजार सुरू करून गेला. दारातच बॉयलरची धग तोंडावर येते. फुसकारा, खडखडाट, तापल्या तेलाचा वास. तुम्ही दोन दिवस ज्यावर लोळत आलात तो बोद आत गेला आणि पट्ट्या आवळलेली गाठ होऊन आला. गाडीवान तिच्यावर बोट दाबून पाहतो. बोट आत जात नाही. "गोटा झाला," तो म्हणतो. जलंब 13 किलोमीटर, तिथून मुंबई.

आता डोळे मिटा, तीस-पस्तीस वर्षं पुढं चला. तेच अंगण. रेचा भिंतीला टेकवलाय, त्यावर कोंबडी बसली आहे. आता कापूस सरकीसकटच जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जातो. त्या दोघींपैकी एकीची लेक जिनात रोजावर आहे. म्हशीची सरकी विकत आणावी लागते, आणि पेरणीची सरकीही तिथलीच, दहा गावांची मिसळलेली. वऱ्हाडच्या लांब धाग्याच्या ‘बनी’ कापसाचं वाण त्या मिसळीत बिघडत गेलं. मला विचाराल तर कोष्ट्याच्या मागापेक्षा हे नुकसान मोठं. माग निदान डोळ्यांदेखत बंद पडला; बियाणं केव्हा गेलं ते कुणी पाहिलंच नाही.

उतरा. धूळ झटका. आजची चिखली. शिवारात कापसापेक्षा सोयाबीन जास्त. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, चिखलीत अजून रूळ पडलेले नाहीत. खामगावला जायचं असेल तर एसटी स्टँडवर उभे राहा.