एलईडी दिवे : घरासाठी निवड

अर्धसंवाहक स्फटिकाच्या संधिस्थानी विजेचे थेट प्रकाशात रूपांतर करणाऱ्या दिव्यांस एलईडी दिवे म्हणतात. तार तापवून उजेड पाडणाऱ्या जुन्या पिवळ्या बल्बात खर्ची पडलेल्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के भाग प्रकाशरूपाने हाती येत असे व बाकीची सारी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जात असे. तो अपव्यय या दिव्यांनी इतका कमी केला आहे की, जेथे पूर्वी साठ वॅट लागत, तेथे आता सात ते नऊ वॅटांत तेवढाच किंबहुना अधिक उजेड मिळतो. तांबडा प्रकाश देणारा असा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली सिद्ध केला. परंतु पांढऱ्या उजेडासाठी अत्यावश्यक असलेला तेजस्वी निळा डायोड मिळण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. गॅलियम नायट्राइडच्या स्फटिकांवर चिकाटीने काम करून तो घडविणाऱ्या इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांस २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरातील दिव्यात हाच निळा प्रकाश पिवळ्या अनुस्फुरक लेपातून बाहेर पडतो आणि दोहोंच्या मिश्रणाने डोळ्यांस पांढरा भासतो.

भारतात हा दिवा सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आला तो मुख्यतः ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने ठोक खरेदीच्या निविदांमागून निविदा काढल्या, तसतसा २०१४ साली सुमारे ३१० रुपये असलेला खरेदीचा भाव २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर उतरला, आणि पुढे देशभर ३६ कोटींहून अधिक दिव्यांचे वाटप झाले.

निवडीचा पहिला निकष वॅट नव्हे, ल्युमेन हा होय. दुकानात गिऱ्हाईक ‘नऊ वॅटचा द्या’ म्हणते व दुकानदार तसाच दिवा काढून देतो. ही पिवळ्या बल्बाच्या काळातील सवय आहे, कारण तेव्हा सर्वच बल्बांची कार्यक्षमता जवळजवळ सारखी असल्याने वॅट सांगितले की उजेड किती ते आपोआप समजत असे. आज तसे राहिलेले नाही. वॅट हा खर्चाचा रकाना आणि ल्युमेन हा जमेचा; नऊ वॅटचा एक दिवा सातशे ल्युमेन देईल, तर तेवढ्याच विजेत दुसरा हजारापर्यंत जाईल, आणि खोक्यावरील मजकूर वाचल्याशिवाय हा भेद कळावयाचा नाही. साठ वॅटच्या जुन्या बल्बाचा उजेड सुमारे सातशे ल्युमेन व शंभर वॅटच्या बल्बाचा सुमारे तेराशे ल्युमेन, एवढे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ल्युमेनला वॅटने भागून येणारी संख्या शंभराच्या वर असेल तर दिवा चांगला समजावा.

किती ल्युमेन लागतील हे मात्र खोलीवर आणि त्याहूनही अधिक कामावर अवलंबून असते. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर; छताजवळ नऊशे ल्युमेनचा एकच दिवा लावला व भिंती आणि छत यांनी निम्मा प्रकाश गिळला, तर जमिनीवर चाळीसएक लक्स, म्हणजे दर चौरस मीटरास तितके ल्युमेन, उजेड पडतो. जेवणाखाणास, बोलण्याचालण्यास तो चालतो. अभ्यासास मुळीच चालत नाही. त्यावर छताचा दिवा दुपटीने मोठा करणे हा उपाय खर्चिक असून अपुराही आहे. पाच वॅटचा साधा दिवा टोपीखाली, वहीच्या दीड-दोन फूट वर आणला, तर त्या वहीवर दोनशे-तीनशे लक्स सहज पडतात. स्वयंपाकघराचीही गोष्ट अशीच. बहुतेक घरांत दिवा खोलीच्या मध्यावर असतो आणि ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईची सावली नेमकी तिच्या विळीवर व परातीवर पडते. ओट्यावरील फळीच्या खालच्या कडेस पाच-सात वॅटची लहान पट्टी बसविण्याइतकी उपयुक्त तजवीज घरातील प्रकाशयोजनेत दुसरी नसेल, आणि नवीन घर बांधणाऱ्या लोकांनी तेथे आधीच एक पॉइंट काढून ठेवावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

ओट्यावरील दिव्याच्या बाबतीत रंगाची पारख अधिक कसोशीने करावी. सीआरआय हा निर्देशांक, त्या प्रकाशात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगतो. सूर्यप्रकाशाचा तो शंभर धरतात. ऐंशीच्या खालच्या दिव्यात मेथीची पिवळी पडलेली पाने व ताजी पाने एकसारखीच दिसू लागतात, तिखटाचा तांबडेपणा मावळतो. म्हणून ऐंशी ही किमान मर्यादा मानावी व स्वयंपाकघरासाठी नव्वदीचा दिवा मिळाल्यास थोडे पैसे जास्त मोजण्यास हरकत नाही. वर्णतापमान ही वेगळी बाब. २७०० ते ३००० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, ४००० चा मध्यम आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. आपल्या बाजारात शेवटचाच सर्वत्र मांडलेला दिसतो, कारण तो अधिक लख्ख भासतो; पण निजण्यापूर्वीच्या तासा-दोन तासांत तो निद्रेस बाधक ठरतो, सबब निजण्याच्या खोलीत पिवळसर दिवाच लावावा.

विजेचा हिशेब सरळ आहे. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळाला तर महिन्यास नऊ युनिटे लागतात. नऊ वॅटच्या एलईडीस दीड युनिटही लागत नाही. देवघरात किंवा निजण्याच्या खोलीत रात्रभर तेवणारा झिरोचा बल्ब वीज खात नाही, अशी समजूत आहे, ती चुकीची होय. तो सुमारे पंधरा वॅट घेतो आणि रोज दहा तासांच्या हिशेबाने महिन्यास साडेचार युनिटे खातो. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी पुरतो. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपलीकडील टप्पा चढ्या दराचा असल्याने, त्या सीमेच्या किंचित पुढे जाणाऱ्या कुटुंबास वाचलेले प्रत्येक युनिट वरच्या दराने वाचते.

दिवा किती दिवस टिकेल, हा प्रश्न डायोडाचा नसून त्याच्या पोटातील ड्रायव्हरचा आहे. घरात येणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या या लहानशा मंडलात एक विद्युत्‌अपघटनी धारित्र असते. त्याच्या भोवतीचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य अदमासे निम्मे होते. खोक्यावर छापलेले पंचवीस हजार तास, म्हणजे रोज पाच तासांच्या वापराने साडेतेरा वर्षांहून अधिक, हे उष्णता बाहेर पडण्यास वाट मोकळी आहे असे गृहीत धरून असतात. काचेच्या बंद गोळ्यात, किंवा हवा न खेळणाऱ्या फॉल्स सीलिंगमध्ये बसविलेला स्वस्त दिवा दोन पावसाळेही काढीत नाही, त्याचे कारण हेच. गावाकडे, जेथे संध्याकाळी विद्युत्‌दाब खाली येतो व मध्यरात्री एकाएकी चढतो, तेथे दाबाचा रुंद पल्ला आणि अतिदाबापासून संरक्षण खोक्यावर नमूद असलेलाच दिवा घ्यावा. हलका ड्रायव्हर ओळखण्याची एक खूण दुकानातच पाहता येते : पेटलेल्या दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा रोखला असता पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले, तर प्रकाश सेकंदास शंभर वेळा लुकलुकत आहे असे समजावे. अशा उजेडात दीर्घकाळ वाचन केल्याने डोळे व डोके शिणतात.

बटण बंद केल्यावरही दिवा मंद तेवत राहतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बटणावर निऑनचा इंडिकेटर असल्यास त्यातून झिरपणारा क्षीण प्रवाह त्यास पुरतो, व त्यात धोका नाही. परंतु इंडिकेटर नसताना असे घडत असेल, तर बटणाने फेजऐवजी न्यूट्रल तोडला जात असण्याचा संभव असतो. तसे असल्यास बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज खेळती राहते. ही कसूर जीवघेणी ठरू शकते. म्हणून वायरमनकडून जोडणी त्वरित तपासून घ्यावी.

खरेदीच्या वेळी भारतीय मानक ब्युरोचा ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक व ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारांकित लेबल, जे १ जानेवारी २०१८ पासून एलईडी दिव्यांस सक्तीचे आहे, ही दोन्ही पाहावीत. तारे जितके अधिक तितके दर वॅटमागे ल्युमेन अधिक. घरातील होल्डर पिनांचा आहे की आट्यांचा, हेही आधी पाहून जावे. हमीची मुदत सामान्यतः एक ते तीन वर्षांची असते, पण पावती गहाळ झाल्याने ती बहुधा बुडते; याकरिता दिवा लावतानाच त्याच्या मानेवर खरेदीची तारीख पक्क्या शाईने लिहावी व पावती वीजबिलांच्या फाइलीतच ठेवावी. निकामी झालेल्या दिव्यात सीएफएलप्रमाणे पारा नसतो, तरी त्यातील मंडलामुळे तो ई-कचराच होय. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता तो ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावा.