लघवीचा त्रास किती, हे पेशंटलाच विचारा! एवढं ठरायला १९९२ उजाडलं

मंडळी, विषय चारचौघात न बोलायचा आहे, म्हणूनच लिहितोय. पन्नाशी-साठीनंतर बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. कॅन्सर नव्हे, साधी वाढ. पण ही ग्रंथी मूत्रमार्गाभोवतीच असल्याने लघवीची वाट आवळली जाते. आता हा त्रास किती गंभीर, हे कोणी ठरवायचं?

अमेरिकेतल्या मेन राज्यात डॉ. जॉन वेनबर्ग यांनी ऑपरेशनांचे आकडे भागवार मांडले. ८५ वर्षांपर्यंत पोचणाऱ्या पुरुषाचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असण्याची शक्यता एका भागात १५ टक्के, दुसऱ्यात ६० टक्के! राज्य एक, माणसं सारखीच. फरक सर्जनच्या मताचा होता. काहींचं म्हणणं, आत्ताच काढून टाका, पुढे वय वाढल्यावर धोका नको. काही म्हणत, त्रास सोसवत नसेल तरच कापा. (आपल्या जिल्ह्याचे असे आकडे कोणी काढेल का?) पुढे अभ्यासात दिसलं की, साध्या त्रासात लवकर ऑपरेशन केल्याने आयुष्य वाढत नाही. मग उरतो तो त्रासच. तो मोजायचा कसा?

ग्रंथीच्या आकारावरून नाही. मोठी ग्रंथी असून निवांत झोपणारे आहेत आणि छोट्या ग्रंथीने हैराण झालेलेही. १९७७ मध्ये बोयार्स्की यांची गुणपद्धत आली होती, पण गुण द्यायचे डॉक्टरांनी. १९९२ मध्ये डॉ. मायकेल बॅरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनसाठी सात प्रश्न तयार केले आणि कागद थेट पेशंटच्या हातात दिला.

प्रश्न गेल्या महिन्याचे. लघवी पूर्ण झाली नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत परत जावं लागतं? धार थांबून थांबून येते? आली की दम निघत नाही? धार बारीक आहे? सुरू व्हायला जोर लावावा लागतो? रात्री किती वेळा उठता? प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. नंतर आंतरराष्ट्रीय तक्त्यात आठवा प्रश्न आला, तो मला सगळ्यात आवडतो : उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल?

आपल्याकडची वडीलधारी मंडळी 'वय झालं की होतंच' म्हणून गप्प बसतात. घरात विचारा त्यांना. मात्र हा तक्ता कॅन्सर आहे की नाही ते सांगत नाही. आणि लघवीतून रक्त आलं किंवा लघवी पूर्ण तुंबली, तर गुण मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.