मुंबईत सुरू झालेला मोसम

फेब्रुवारी २०११. तुम्ही भाईंदर स्टेशनच्या एक नंबर फलाटावर उभे आहात. मालडब्याच्या खुणेपाशी उत्तनच्या कोळणींनी रिकाम्या पाट्या लावून ठेवल्यात, मेट्रोचे खांब अजून गावात आलेले नाहीत. शेजारच्याच्या हातातला पेपर विश्वचषकाने भरलाय. स्पर्धा तोंडावर आहे, अंतिम सामना वानखेडेवर, त्यामुळे धोनी कोणाला खेळवणार याखेरीज डब्यात दुसरा विषय नाही. तुम्ही सायकलची शर्यत बघायला निघालात हे सांगू नका. सांगितलंत तर ‘कुठल्या शाळेची?’ असं विचारतील.

आत मुंबईत एक रस्ता वाहनांना बंद केलाय. बांबूच्या अडथळ्याला छाती टेकून उभे राहा. गर्दी बेताचीच आहे, बंदोबस्ताचे पोलीस, घड्याळाकडे बघणारे दोन शिपाई, काही शाळकरी पोरं. आधी मोटारसायकली येतात, मग शिट्ट्या, आणि मग एक आवाज जो सायकलचा वाटतच नाही. कार्बनच्या पोकळ चाकांची घुमणारी गुरगुर. घोळका वळणावरून सरळ होतो आणि तुमच्या डोळ्यांना एकेकटा माणूस दिसेनासा होतो. कोपराला कोपर, पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर. एवढं चिकटून जाण्यात वेडेपणा नाही, हिशोब आहे: पुढचा गडी वारा कापतो आणि मागच्याची ताकद साधारण एक तृतीयांश वाचते. वाचवलेली ती ताकद शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवायची असते.

ते दोनशे मीटर आता तुमच्या समोर आहेत. ताशी ६५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १८ मीटर. सकाळी तुम्ही ज्या फलाटावर उभे होतात तो आख्खा, बारा डब्यांचा, पंधरा सेकंदांत संपेल. इतका वेळ घोळक्यात दडलेला एक पोरगा बाहेर पडतो, हँडलवर नाक टेकतो, सायकल डावी-उजवी झोकत रेषा पार करतो. वय २२, तेही याच आठवड्यात पूर्ण झालेलं. इटलीतल्या व्हेरोनाच्या बाजूचा, लिक्विगास संघाचा. नाव एलिया विवियानी. टाळ्या पडतात, त्याही पाहुण्याला पडाव्यात तशा. त्याच मुंबई दौऱ्यातली दुसरी शर्यत दक्षिण आफ्रिकेचा रॉबर्ट हंटर जिंकतो, टूर द फ्रान्सचा टप्पा जिंकणारा त्याच्या देशातला पहिला माणूस. बातमीला जागा मिळते ती क्रिकेटखाली.

परत लोकल पकडू नका. विवियानीच्या मागे लागा, कारण याचा मोसम मुंबईत सुरू झालाय आणि तो कुठवर जातो हे बघण्यासारखं आहे.

ऑगस्टमध्ये तुम्ही अमेरिकेत आहात, कोलोरॅडोच्या डोंगरात. हवा विरळ, चार पावलं चालून तुम्हाला धाप लागते, आणि हा तिथे टप्पा जिंकतो. २०१५ मध्ये जिरो द’इटालिया या इटलीच्या टप्प्यांच्या शर्यतीतला त्याचा पहिला टप्पा-विजय. २०१६ चा ऑगस्ट, रिओ: ऑम्नियम नावाच्या दोन दिवसांच्या, सहा शर्यतींच्या प्रकारात तो ट्रॅकवर आपटतो, उठतो, पुन्हा सायकलवर चढतो आणि ब्रिटनच्या मार्क कॅव्हेंडिशला मागे टाकून सुवर्णपदक घेतो. राष्ट्रगीताला तो रडत असतो. २०१८ मध्ये एकाच जिरोत चार टप्पे, वर गुणांची जर्सी. लोक म्हणाले, हा त्याचा खरा उमलण्याचा मोसम. म्हणू देत. पण मधली सात वर्षं बारकाईने बघा, त्यात सगळ्यात जास्त काय दिसतं? पुढची शर्यत. दर आठवड्याला, फार तर पंधरवड्याला, कुठे ना कुठे एक सुरुवातीची रेषा आणि त्याच ओळखीच्या शंभर-दीडशे प्रतिस्पर्ध्यांची रांग. हरलात तर रविवारी पुन्हा या.

आता उलटे फिरा. आपल्याकडे माणसं नव्हती असं समजू नका.

ऑक्टोबर १९२३. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवर टांग टाकून जगप्रदक्षिणेला निघतात. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून परत येतात. ताकदीला तोटा नव्हता, वेडालाही नव्हता. तुम्ही फक्त हात हलवून पुढे सरका.

ऑगस्ट १९४८, लंडन ऑलिम्पिक. स्वतंत्र देशाला वर्ष होतंय, आणि भारताचा सायकलिंग संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या रेषेवर उभा आहे. त्यात आदी हवेवाला आहेत, एरच मिस्त्री आहेत. विंडसरच्या उद्यानात रस्त्याची शर्यत, जवळजवळ १९५ किलोमीटर, फ्रान्सचा जोसे बेयार ती जिंकतो. आपल्या लोकांच्या हाती पदक नाही. तुम्हाला त्याचं फार वाईट वाटणार नाही, पहिलाच प्रयत्न तो. वाईट वाटेल ते पुढच्या घटनेचं: १९६४ च्या टोकियोनंतर भारताचा एकही सायकलपटू ऑलिम्पिकला गेलेला नाही. २०२४ च्या पॅरिसपर्यंत नाही.

मधल्या काळात आपण करत काय होतो, हे पाहायला खोपोलीला उतरा. साल सत्तरीतलं घ्या किंवा ऐंशीतलं, फरक पडत नाही, मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही खाली, खंडाळा साडेपाचशेच्या घरात, आणि मधे १८३० सालचा बोरघाटाचा रस्ता. तुम्ही शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबा. ट्रकवाले इथे चालत्या गाडीतून नाणं टाकतात, आज तेही कडेला लागून बघतायत. पहिला सायकलवाला दिसतो तेव्हा तो सीटवर बसलेला नसतो, उभा असतो, पेडल पायाने नव्हे तर खांद्याने दाबल्यासारखं वाटतं. चेन करकरते. गावातली पोरं तांब्याने पाणी फेकतात, कोणी त्याच्या पाठीला हात लावून दोन पावलं धावतं, मागच्या जीपमधला पंच ओरडतो. वर जो पहिला पोचेल तो ‘घाटाचा राजा’. पुण्यात शर्यत दुसऱ्याच कोणी जिंकली तरी गावोगाव नाव राहतं ते राजाचं.

मला ही पदवी फार आवडते, आणि तिचाच मला थोडा रागही येतो. एका दिवसाचं राज्य. दुसऱ्या दिवशी राजा रेल्वेत किंवा सैन्यात भरती व्हायचे कागद जमवायला लागतो, कारण आपल्याकडे सायकलपटूचं भविष्य म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. त्याला दोष देऊ नका. रेल्वे आणि सेनादलांनी हात दिला नसता तर हा खेळ कधीच आटोपला असता. पण पगारासाठी सायकल चालवणं आणि सायकल चालवण्याचा पगार मिळणं यात बोरघाटाएवढा चढ आहे.

आता स्वित्झर्लंड, एगल गाव, ऑगस्ट २०१८. लाकडी ट्रॅकची कड तुमच्या डोक्याच्या वर झुकलेली. ज्युनिअर जागतिक स्पर्धा, प्रकार केरीन: पुढे मोटारसायकल वेग वाढवत नेते, शेवटच्या साडेसातशे मीटरला बाजूला होते आणि मग ज्याचा तो. अंदमान-निकोबारचा १७ वर्षांचा एसो आल्बेन रौप्यपदक जिंकतो. जागतिक स्पर्धेत भारताचं सायकलिंगचं ते पहिलं पदक. बंद ट्रॅकवर हे का जमलं? दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला वेलोड्रोम होता, तिथेच राहायची-खायची सोय होती, परदेशातल्या स्पर्धांना नेणारा कार्यक्रम होता. त्याच दिल्लीच्या ट्रॅकवर जून २०२२ मध्ये जा. आशियाई स्पर्धेत महिलांच्या सांघिक स्प्रिंटमध्ये कांस्यपदक घेणाऱ्या तिघींत दोघी महाराष्ट्राच्या आहेत, मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे, तिसरी त्रियाशा पॉल. भाईंदरच्या पेपरात ही बातमी तुमच्या नजरेतून सुटली होती. माझ्याही.

आणि आता अगदी अलीकडे: १९ ते २३ जानेवारी २०२६, पुणे ग्रँड टूर. प्रस्तावनेची छोटी दौड आणि चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची टप्प्यांची शर्यत, भारतात या दर्जाची पहिलीच. तुम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका फाट्यावर, नव्या कोऱ्या डांबराच्या कडेला उभे आहात. ते डांबर शर्यतीसाठी घातलंय हे गावकऱ्यांना ठाऊक आहे आणि ते त्याबद्दल मनापासून खूश आहेत. शाळा सुटलीय, झेंडे वाटलेत. घोळका येतो, तीच गुरगुर, मागे संघांच्या गाड्या, छपरांवर बसवलेल्या सायकली. निळ्या जर्सीतली आपली पोरं या वेळी त्या घोळक्यात दिसतात.

२.२ हा आकडा कोरडा वाटेल, पण सगळी मेख त्यात आहे. या दर्जाच्या शर्यतीत जागतिक क्रमवारीचे गुण मिळतात. अंतिम विजेत्याला ४०, मग उतरत्या भाजणीने. रस्त्याच्या शर्यतीतल्या ऑलिम्पिकच्या जागा मुख्यतः देशांच्या क्रमवारीवरून वाटल्या जातात. गुण नाहीत तर क्रमवारी नाही, क्रमवारी नाही तर जागा नाही, आणि गुण मिळवायला पूर्वी विमानाचं तिकीट काढून परदेश गाठावा लागे. २०११ मध्ये असे गुण मुंबईच्या दारात आले होते. पण ती शर्यत टिकली नाही आणि गुण पाहुण्यांच्या सामानातून परत गेले. एकच खटकतं: पुण्याची ही शर्यत पुरुषांची होती. पदकं बायकांनीही आणलीत, तेव्हा पुढची मागणी काय असावी हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा टप्पा पुढच्या काळातला. तिथे मला जे दिसतं ते भाकीत म्हणून घेऊ नका. समजा तुमच्या घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. पहाटे पाचला उठून ती भाईंदर पश्चिमेकडून उत्तनच्या रस्त्याला लागते, मिठागरांच्या कडेने, डोंगरीचा चढ चढून गोराईच्या बाजूला. काशिमिऱ्यावरून वर्सोवा पुलाकडे तिने जाऊ नये असं तुम्ही बजावलंय, कंटेनरच्या भीतीने, आणि ते बरोबरच आहे. सायकलीला लाखाच्या आसपास गेलेत. नातेवाईक विचारतात, पुढे काय? २०२८ च्या लॉस एंजेलिसला ती पोचायची नाही, घाई करू नका. पण २०३२ मध्ये ती २१-२२ वर्षांची असेल. विवियानी मुंबईत जिंकला त्या वयाची. तोवर तिला दरवर्षी दहा-पंधरा खऱ्या शर्यती मिळाल्या, पाठीमागे हात लावून धावणाऱ्यांऐवजी पंच, घड्याळ आणि निकालाचा कागद मिळाला, तर ‘पुढे काय?’ला उत्तर असेल. नाही मिळाल्या तर ती एखाद्या कार्यालयात खेळाडू कोट्यातून रुजू होईल आणि रविवारी सायकल चालवेल. तेही वाईट आयुष्य नाही. पण पायात होतं ते बाहेर आलं नाही, एवढं तुम्हाला कळत राहील.

मोसम पुण्यात पाच दिवसांत घडत नाही, तो गावागावांतल्या भुक्कड, बक्षिसात हेल्मेट देणाऱ्या शर्यतींतून घडतो. मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे मॅरेथॉनसाठी रस्ते बंद करायचा अनुभव आहे. उत्तनचा रस्ता महिन्यातून एका रविवारी, सकाळी साडेपाच ते आठ, मासळीच्या गाड्यांना वाट ठेवून, सायकलींसाठी मोकळा करायला वेलोड्रोम लागत नाही. लागतो तो पोलिसांचा परवाना, एक रुग्णवाहिका आणि वेळ नोंदवणारे चार लोक. तुमच्या प्रभागातला नगरसेवक मत मागायला येईल तेव्हा त्याच्याकडे गटाराबरोबर एवढंही मागा.